एकट्या माणसासाठी एक खुर्ची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात डोळे दाखवायला अमळनेरहून धुळ्याला गेले होते. एकटीच होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. ते थेंब घातले की बाहुल्या मोठ्या होतात आणि पुढचे तीन-चार तास सगळं पुसट दिसतं, ऊन सोसत नाही. तपासणी उरकेपर्यंत पावणेदोन वाजले. मला अकरा वर्षांपासून साखर आहे. सकाळची गोळी घेतली की दीडच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं. म्हणून बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात शिरले.

लग्नसराईचे दिवस, गर्दी होतीच. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "किती जण?" म्हटलं, "एकटीच आहे." तो म्हणाला, "मावशी, आता चौघांचं टेबल एकट्यासाठी अडवता येत नाही. पार्सल देऊ का?" समोरच एका टेबलावर दोन कॉलेजची मुलं जेवत होती, दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. अंधूक दिसत असलं तरी रिकामी खुर्ची ओळखू येते. विचारलं, "तिथे बसू का?" तर म्हणाला, "तसं नाही बसवत आम्ही. गिऱ्हाइकाला आवडत नाही." त्या मुलांना कोणी विचारलंसुद्धा नाही. शेवभाजी अर्धी मिळेल का म्हटलं, तर हाफ प्लेट बंद केलेली. फुल प्लेट म्हणजे तिघांना पुरेल एवढा रस्सा, आणि तो पिशवीत बांधून घेऊन मी कुठे खाणार होते? हातांना कापरं भरायला लागलं होतं. बाहेर गाडीवरून दोन केळी घेतली, फलाटावरच्या बाकावर बसून, पदर कपाळावर ओढून खाल्ली. अमळनेरच्या बसची पाटी वाचता येईना, ती शेजारच्या एका मुलीनं वाचून दाखवली.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव त्या एकाच हॉटेलातला नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, ट्रेनिंगसाठी, निवडणुकीच्या ड्यूटीसाठी, पेन्शनच्या कागदांसाठी जळगाव-धुळ्याच्या फेऱ्या केल्या. एकटी बाई जेवायला आली की एक तर तिला पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये बसवतात, नाहीतर पार्सलचं विचारतात. यजमान होते तोवर मला हे फारसं जाणवलं नाही. ते जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी परदेशात आहे. आता माझं बाहेरचं प्रत्येक जेवण एकटीचंच असतं.

आणि तरीही हे पत्र मी लिहिलं नसतं. त्या बाकावर केळी खाताना मला दुसरं एक टेबल आठवलं, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी अडीच महिने हाँगकाँगला होते. ते शाम शुई पो नावाच्या जुन्या वस्तीत राहतात. आपल्या गावातल्या बाजारपेठेसारखा दाट भाग, खाली कापडाची, बटणांची, वायरींची दुकानं आणि वर माणसं. मुलीला दवाखान्यात सहा दिवस राहावं लागलं. भेटायच्या वेळा ठरलेल्या, जावईबापू कामावर. दुपारी एक वाजता मला कुठेतरी जेवून घेणं भागच होतं, कारण गोळी तिकडेही तीच. पहिल्या दिवशी मुलीनं दवाखान्यातल्या कॉटवर बसून एका चिठ्ठीवर चिनी अक्षरांत लिहून दिलं, 'माशांच्या गोळ्यांच्या तांदळाच्या शेवया. गोमांस नको.' कोपऱ्यावरच्या दुकानात जा, ही चिठ्ठी दाखव, म्हणाली.

दुकान म्हणजे आपल्या चहाच्या हॉटेलाएवढं. सहा टेबलं, पाठ नसलेली प्लास्टिकची स्टुलं, दारातच उकळती पातेली. दारात थांबले. मालकानं बोट वर करून विचारलं, एक? मी मान हलवली. त्यानं लगेच आत हात दाखवला. एका टेबलावर एक म्हातारे गृहस्थ खात होते आणि त्यांच्या समोरचं स्टूल मोकळं होतं. मी घुटमळले. गृहस्थांनी मान वर केली, आपला वाडगा चार बोटं स्वतःकडे ओढला आणि पुन्हा खायला लागले. बस, एवढंच. मला जागा झाली होती.

तिकडच्या कॅन्टोनी बोलीत या बसण्याला शब्दच आहे, दाप तोय. अनोळखी माणसाच्या टेबलाला जोडून घेणं. जेवणाच्या वेळी असं बसायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. कोणी माफी मागत नाही, कोणी ओळख काढत नाही.

त्या गृहस्थांच्या वाडग्यात काय होतं, ते मला बसल्यावर कळलं. भिंतीवर चित्रं होती आणि त्यांच्या वाडग्यात तेच दिसत होतं: पांढऱ्या रुंद शेवया, स्वच्छ रस्सा, वर कांद्याची पात आणि तळलेला लसूण, आणि करड्या-तपकिरी रंगाचे पाच-सहा गोळे, लिंबाएवढे. बीफ बॉल नूडल्स. आमच्या घरी रविवारी मटण होतं, पण माझ्या वडिलांकडे बैलजोडी होती आणि पोळ्याला मी त्यांच्या शिंगांना रंग लावलेला आहे. समोर ते मांस असताना घास उतरेल का, असं वाटलं. उठावंसं वाटलं, हे खरं आहे. पण भूक होती, गोळी होती, आणि समोरच्या माणसानं नुकतीच मला जागा दिली होती. मी बसून राहिले.

माझा वाडगा आला. माशांचे गोळे पांढरेशुभ्र आणि रस्सा वेगळ्या पातेल्यातला, माशांच्या काट्यांचा. गृहस्थांनी चिनी मातीचा चमचा डब्यातून काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्याकडून काड्या धरल्या जात नव्हत्या, हे त्यांनी पाहिलं असावं. मी चमच्यानं खाल्लं. त्यांनी त्यांचं खाल्लं. दोन वाडग्यांत वीतभर अंतर होतं. माझं अन्न माझंच राहिलं आणि त्यांचं त्यांचं. पंधरा-वीस मिनिटांत ते उठून गेले. त्यांच्या जागी शाळेच्या गणवेशातला एक मुलगा येऊन बसला.

सहा दिवस मी तिथे जेवले. तिसऱ्या दिवसापासून चिठ्ठी दाखवावी लागली नाही.

त्या बीफच्या गोळ्यांविषयी थोडं सांगते. मुलगी घरी आल्यावर मी तिला घेऊन त्या दुकानात गेले आणि तिच्याकरवी मालकाला सगळं विचारलं. त्याचे वडील चीनच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या चाओचौ भागातले, आणि हे गोळे त्या भागाचीच ओळख. मागच्या पायाचं मांस घ्यायचं, शिरा काढायच्या आणि दोन लोखंडी कांबी दोन हातांत धरून ते ठोकत राहायचं. चिरायचं नाही, वाटायचं नाही. मीठ घालून इतकं ठोकायचं की मांसाचा चिकट लगदा होतो आणि त्यातली प्रथिनं मोकळी होऊन एकमेकांना धरतात. म्हणूनच शिजलेला गोळा दाताखाली रबरासारखा दबतो आणि परत वर येतो. आता बहुतेकांकडे यंत्रं आहेत. कांबी त्याच्या वडिलांनी वापरल्या, त्यानं स्वतः थोड्याच वापरल्या. मग त्यानं हातानं करून दाखवलं: डाव्या मुठीत लगदा धरायचा, मूठ आवळायची, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून गोळा वर येतो, तो चमच्यानं उचलून कोमट पाण्यात सोडायचा.

ते पाहून मी मुलीला म्हटलं, अगं, हे तर डुबुक वडे! भिजवून जाडसर वाटलेली डाळ, लसूण-मिरची, आणि उकळत्या काळ्या रश्शात मुठीतून एकेक गोळा सोडायचा. डुबुक असा आवाज येतो, म्हणून ते नाव. माझी आई अशीच सोडायची, मी तशीच सोडते. त्याचे गोळे मांसाचे, माझे डाळीचे, पण मूठ तीच. मुलीनं ते त्याला सांगितलं. त्याला फार आवडलं. त्यानं मला मूठ करून दाखवायला लावली.

आणि एक बाई. माझ्याच वयाच्या, रोज साधारण सव्वा वाजता यायच्या, दोनदा माझ्यासमोर बसल्या. त्याही माशांचेच गोळे घ्यायच्या. मालकाकडून कळलं की त्या गोमांस खात नाहीत. क्वान यिन देवीची उपासना करणारे बरेच चिनी लोक ते वर्ज्य मानतात. जुन्या शेतकरी घरांतही नांगर ओढणाऱ्या बैलाचं मांस खायचं नाही, अशी रीत होती. मी वर्गाच्या सहली घेऊन किती वेळा अजिंठ्याला गेले असेन. पहिल्या लेण्यातला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व, हे मी मुलांना दर वेळी सांगायचे. तोच अवलोकितेश्वर चीनमध्ये जाऊन क्वान यिन झाला, हेही मला माहीत होतं. पण त्या देवीच्या नावानं बैलाचं मांस न खाणारी बाई मला भेटेल, आणि तीही बीफ बॉल नूडल्सच्या दुकानात, हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या बाई तिथे वर्षानुवर्षं जेवत होत्या. शेजारी कोण काय खातंय, याची त्यांना अडचण नव्हती, आणि खाणाऱ्यांना त्यांची नव्हती.

कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. ती डिश इथे आणावी, असं माझं म्हणणं नाही. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले आहेत, आणि त्या वादात शिरायला हे पत्र नाही. मला जे हवं आहे ते टेबल आहे.

मी हॉटेलवाल्यांची बाजूही जाणते. गर्दीच्या वेळी चौघांच्या टेबलावर एकच माणूस बसला तर तीन खुर्च्यांचा धंदा बुडतो. भाडं आहे, गॅस आहे, पोरांचे पगार आहेत. पण त्या सहा टेबलांच्या दुकानात मी एकही स्टूल दोन मिनिटांच्या वर मोकळं पाहिलं नाही, आणि त्याचं कारणच हे की एकट्याला एकट्याशेजारी बसवतात. धुळ्याच्या त्या हॉटेलात, मी दारातून परत फिरले तेव्हा, दोन खुर्च्या रिकाम्याच होत्या. नुकसान माझंही झालं आणि त्यांचंही.

मग आपल्याकडे असं का बसवत नाहीत? "गिऱ्हाइकाला आवडत नाही" या वाक्यात काय दडलंय, ते आपण सगळे जाणतो. समोरच्याच्या ताटात काय असेल, तो कोणाचा असेल, हा प्रश्न आपल्याकडे भाकरीच्या आधी येतो. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून ते उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी ते दार उघडलं. मी हा धडा पोरांना शिकवला आणि स्वतः मात्र कोणाच्या वाडग्यासमोर बसायचं, यासाठी उठायच्या बेतात होते. देवळाचं दार उघडून आता पाऊणशे वर्षं झाली. जेवणाच्या टेबलावरची ती खुर्ची मात्र अजून आपण मोकळी सोडत नाही.

हे परकं आहे असं म्हणू नका. माझे यजमान सत्तरच्या दशकात जळगावला शिकत असताना खानावळीत जेवायचे. लांब टेबल, दोन्हीकडे बाकडी, महिन्याचं कार्ड. शिकणारी पोरं, एकटे कारकून, फिरते विक्रेते, सगळे मिळेल त्या जागी बसायचे, वाढपी एका टोकाकडून पोळ्या टाकत यायचा. ते सांगायचे, शेजारच्याला वरण कमी पडलं तर आपणच हाक मारायची. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, तीसुद्धा एका माणसाचीच होती आणि तिथेही कोणी "किती जण?" विचारत नव्हतं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. 'फॅमिली रेस्टॉरंट'ची पाटी लागली आणि एकटा माणूस त्या पाटीबाहेर राहिला.

आज असे एकटे लोक खानदेशात थोडे नाहीत. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. त्यातल्या पाच घरांत एकेकटं माणूस राहतं. मुलं पुण्याला, नाशिकला, सुरतेला. शेजारच्या काकांना दोन भाकऱ्या थापता येत नाहीत म्हणून ते चार दिवस चहा-टोस्टावर काढतात. डब्याची बाई गावाला गेली की त्यांचं जेवण थांबतं. एकदा मी म्हटलं, हॉटेलात जाऊन या. म्हणाले, "एकलाच जाऊन काय बठू, बाई? लोक दखतस." लोक बघतात. सत्तर वर्षांच्या माणसाला भुकेपेक्षा त्या बघण्याची धास्ती जास्त वाटते.

म्हणून माझी विनंती धुळे, जळगाव, नंदुरबारच्या हॉटेलवाल्यांना आहे. एक टेबल सगळ्यांचं ठेवा. भिंतीला लागून लांब फळी टाकली आणि चार स्टुलं ठेवली तरी भागेल. एका माणसाची प्लेट ठेवा: वाटीभर शेवभाजी किंवा पातोड्यांची भाजी, एक भाकरी, कांदा. भरिताच्या दिवसांत भरीत किलोवर विकता ते ठीकच आहे, भरिताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हाला अभिमान आहे, पण एकट्यानं पाव किलो भरीत कसं संपवायचं? कळण्याच्या भाकरीवर पळीभर भरीत ठेवून द्या, पैसे योग्य ते घ्या. आमच्याकडे मंगळवारी मंगळग्रह मंदिरात बाहेरगावचे लोक येतात, त्यांत एकटे आलेले कितीतरी असतात. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी डुबुक वड्यांचं एक पातेलं आणि एक लांब बाकडं मांडलं तर मी पहिल्या दिवशी वडे सोडायला जाईन. फुकट जाईन.

आणि विनंती जेवणाऱ्यांनाही आहे. समोरची खुर्ची रिकामी असेल आणि दारात कोणी एकटं उभं दिसलं, तर ताट चार बोटं आपल्याकडे ओढा. मालकानं विचारायची वाट पाहू नका. त्या दोन मुलांनी तेवढं केलं असतं तर मालक काही म्हणाला नसता, असं मला आजही वाटतं. ती मुलं वाईट नव्हती. त्यांना ते सुचलं नाही, कारण त्यांनी कोणाला असं करताना पाहिलेलंच नाही. मीसुद्धा तिकडे जाईपर्यंत पाहिलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. परत थेंब घालतील, परत दीड-दोन वाजतील. बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा कोणत्याही हॉटेलात मी येईन. मला अर्धी शेवभाजी, एक कळण्याची भाकरी आणि कांदा लागेल. अर्धी देता येत नसेल तर पूर्ण प्लेटचे पैसे देईन, पण वाढा अर्धीच. समोर कोणी बसलेलं असेल तर चालेल. त्यांच्या ताटात काहीही असो.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव